बर्फाखालची बाटली

परवा जावईबापूंनी परदेशातून येताना व्हिस्कीची बाटली आणली. पानसुपारीपलीकडे न गेलेल्या माझ्यासाठी! घरात हशा पिकला. पण बाटलीची हकिकत कळली आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

१९०७ साली अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला. त्याने मॅकिन्लेच्या माल्ट व्हिस्कीची २५ खोकी मागवली होती. त्यातली काही केप रॉइड्सच्या त्याच्या झोपडीखाली बर्फात राहून गेली. २०१० साली न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने ती बाहेर काढली. २०११ मध्ये तीन बाटल्या विजय मल्ल्यांच्या विमानातून स्कॉटलंडला गेल्या, कारण व्हाइट अँड मॅके ही कंपनी तेव्हा त्यांच्या मालकीची होती!

तिथे रिचर्ड पॅटरसन यांनी बुचातून सुई घालून थोडी व्हिस्की काढली, चाखली, तपासली. मद्यार्क ४७.३ टक्के. सातू सुकवताना जाळलेलं पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, ऑर्कनी बेटांवरचं निघालं. त्या काळची व्हिस्की जड आणि धुरकट असणार असा सगळ्यांचा समज. ही निघाली हलकी, नाजूक. काय गंमत आहे बघा, लोणचं बरणीत मुरतं, पण व्हिस्की मुरते ती पिंपात, बाटलीत नाही. म्हणून शंभर वर्षांनीही साक्षीदाराने जबानी बदलली नव्हती.

माझ्याकडची अर्थात नक्कल, पॅटरसन यांनीच जुळवलेली. मूळची ज्या ग्लेन मोर भट्टीतली मानतात, ती १९८३ सालीच बंद पडली. चमचाभर घेतली. आधी गोडसर, मग किंचित धूर, मग घशात जाळ.

आणि वर्ग आठवला. अमुंडसेन पहिला, स्कॉट दुसरा, असं मी घोकून घेत असे. शॅकल्टनच्या वाट्याला एकच शब्द: अयशस्वी. ९ जानेवारी १९०९ रोजी ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना तो मागे फिरला. पुढे गेले असते तर कदाचित पोचले असते, पण परतले नसते. चौघेही जिवंत परतले. हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही. त्याच लाल पेनाने किती जणांच्या प्रगतिपुस्तकावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं, कोण जाणे.

त्या तीन बाटल्या २०१३ साली अंटार्क्टिकाला परत नेल्या, पुन्हा झोपडीखाली ठेवायला.

"पुरे आता," म्हणत हिने माझीही कपाटात ठेवून दिली. असो.