पीएसजी-फ्लामेंगो २०२५ची फायनल कतारमध्ये. झिकोच्या टीमने १९८१ला आणलेला मान परत मिळणार होता का?

युरोपचा क्लब चॅम्पियन पॅरिस सेंट जर्मेन (पीएसजी) आणि दक्षिण अमेरिकेचा चॅम्पियन फ्लामेंगो बुधवारी, १७ डिसेंबर २०२५ला समोरासमोर आले. फिफा इंटरकॉन्टिनेन्टल कपची ही फायनल आपल्या वेळेनुसार रात्री साडेदहाला सुरू होणार होती. मैदान कतारच्या अल रय्यान शहरातलं अहमद बिन अली स्टेडियम, जिथे २०२२च्या वर्ल्डकपचे सामने झाले होते. ९० मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. म्हणजे जागरण रात्री एक-सव्वा एकपर्यंत होऊ शकत होतं.

गोव्यातल्या वाचकांना फ्लामेंगोची ओळख करून देताना एक नाव पुरेसं आहे, झिको. २०१४ ते २०१६ अशी आयएसएलची तीन वर्षं एफसी गोवाचा कोच असलेला झिको. २०१५ला त्याने टीम फायनलपर्यंत नेली आणि फातोर्ड्यावरच चेन्नईयनने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल मारून सामना ३-२ असा हिसकावला, ती रात्र अजून अनेकांना टोचते. त्याच झिकोने १३ डिसेंबर १९८१ला टोकियोत फ्लामेंगोला जगातला सर्वांत मोठा क्लब चषक जिंकून दिला होता. समोर होता युरोपचा राजा लिव्हरपूल. निकाल ३-०, आणि तिन्ही गोल पहिल्या हाफमध्ये! दोन नुनेसचे, एक अदिलियोचा. झिकोने स्वतः गोल केला नाही, पण खेळ सगळा त्याच्या पायातून निघत होता आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यानंतर फ्लामेंगोला हा मान एकदाही मिळालेला नाही.

या कपाची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे. युरोप विरुद्ध दक्षिण अमेरिका ही लढत १९६० साली सुरू झाली. तेव्हा एक सामना इकडे, एक तिकडे असायचा. पहिल्या वर्षी रेआल माद्रिदने उरुग्वेच्या पेन्यारोलशी मॉन्टेव्हिडिओत ०-० बरोबरी केली आणि घरी ५-१ने धुव्वा उडवला. १९६२ला पेलेच्या सांतोसने लिस्बनमध्ये जाऊन बेन्फिकाला ५-२ हरवलं, त्यातले तीन गोल एकट्या पेलेचे.

पुढे मात्र फुटबॉलपेक्षा मारामारी जास्त व्हायला लागली. १९६७ला स्कॉटलंडचा सेल्टिक आणि अर्जेंटिनाचा रेसिंग यांच्यातल्या तिसऱ्या, निर्णायक सामन्यात पंचांनी दोन्हीकडच्या मिळून सहा जणांना बाहेर काढलं. १९६९ची मिलान-एस्तुदियान्तेस लढत त्याहून वाईट. मिलानचा नेस्तोर कोम्बिन मूळचा अर्जेंटिनाचाच, पण फ्रान्सकडून खेळायचा. ब्युनोस आयर्सच्या मैदानावर त्याच्या तोंडाची हाडं मोडली, आणि वर त्यालाच लष्करी सेवा चुकवल्याबद्दल अटक झाली. एस्तुदियान्तेसच्या खेळाडूंनाही तुरुंगाची हवा खावी लागली. साहजिकच युरोपचे विजेते टाळाटाळ करू लागले. आयाक्सने १९७१ आणि १९७३ला, बायर्न म्युनिकने १९७४ला नकार दिला आणि त्यांच्या जागी उपविजेते खेळले. १९७५ आणि १९७८ला तर कप झालाच नाही.

मग १९८०पासून टोयोटा कंपनीने पैसा लावला आणि तिसऱ्याच देशात, जपानमध्ये, एकच सामना होऊ लागला. भांडण मिटलं. १९८१चा सामना या नव्या पद्धतीतला दुसरा. २००४ला ही स्पर्धा बंद झाली तेव्हाचा हिशेब बघा. दक्षिण अमेरिका २२ वेळा विजेती, युरोप २१ वेळा. काटे की टक्कर म्हणतात ती हीच.

त्यानंतर काटा पार एका बाजूला कलला. सगळ्या खंडांचे विजेते घेऊन फिफाने दरवर्षीचा क्लब वर्ल्डकप सुरू केला. त्यात दक्षिण अमेरिकेने फक्त तीनदा युरोपला हरवलं. २००५ला साओ पावलो, २००६ला इंतरनासियोनाल, २०१२ला कोरिंथियन्स. तिन्ही क्लब ब्राझीलचे आणि तिन्ही वेळा स्कोअर १-०. २०१३पासून सगळी विजेतेपदं युरोपची. फ्लामेंगोने २०१९ला दोहात प्रयत्न केला, समोर पुन्हा लिव्हरपूलच होता. जादा वेळेत फिर्मिनोने गोल केला आणि ०-१ने हार. फिर्मिनो ब्राझीलचाच, हे त्यात आणखी दुखणं.

याचं कारण मैदानात कमी आणि बाजारात जास्त सापडतं. १९९५च्या बोसमन निकालानंतर युरोपातली परदेशी खेळाडूंची बंधनं सैल झाली आणि श्रीमंत क्लबांना दारं उघडी झाली. फ्लामेंगोने घडवलेला विनिसियस ज्युनियर अठरा वर्षांचा झाल्याबरोबर साडेचार कोटी युरोंना माद्रिदला गेला. आपल्याकडे पिकलेला आंबा वाशीला जातो आणि गावात उरतो तो डागाळलेला, तसंच काहीसं. आता फ्लामेंगो उलटा धंदा करतोय. युरोपात नाव कमावलेल्यांना परत आणायचं. दानिलो, आलेक्स सांद्रो, जोर्जिन्यो हे सगळे तिकडचा अनुभव घेऊन आलेले. २९ नोव्हेंबरला लिमामध्ये पाल्मेइरासविरुद्धची कोपा लिबर्तादोरेस फायनल १-० जिंकली ती दानिलोच्याच हेडरवर. १९८१, २०१९, २०२२ आणि आता २०२५. चार वेळा ही स्पर्धा जिंकणारा फ्लामेंगो ब्राझीलचा पहिला क्लब. ३ डिसेंबरला त्यांनी ब्राझीलची लीगही खिशात घातली.

स्पर्धेची सध्याची रचना मात्र सरळ सरळ युरोपच्या बाजूची आहे. २०२५च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत झालेला ३२ संघांचा क्लब वर्ल्डकप आता चार वर्षांतून एकदा होतो, तो चेल्सीने जिंकला. दरवर्षीसाठी २०२४पासून हा इंटरकॉन्टिनेन्टल कप आहे. त्यात युरोपचा विजेता थेट फायनलला उतरतो, बाकीच्यांनी आपसात झगडून यायचं. फ्लामेंगोने १० डिसेंबरला मेक्सिकोच्या क्रूस आसुलला २-१ हरवलं, दोन्ही गोल उरुग्वेच्या दे अरास्काएताचे. १३ तारखेला इजिप्तच्या पिरामिड्सला २-०. म्हणजे आठ दिवसांत तिसरा सामना, आणि तोही सत्तरच्या वर सामने खेळून झालेल्या वर्षाच्या शेवटी. ब्राझीलचा हंगाम जानेवारी ते डिसेंबर चालतो, युरोपचा ऑगस्ट ते मे. एकजण वर्षभर नांगरून दमलेला, दुसरा हंगामाच्या मध्यावर.

विश्वविजेता नक्की कुणाला म्हणायचं, हा वाद त्यामुळे चालूच राहणार. १९६० ते २००४च्या विजेत्यांना फिफाने २०१७ला अधिकृतपणे विश्वविजेते मानलं. आज तो मुकुट चेल्सीकडे आहे. गंमत म्हणजे याच चेल्सीला फ्लामेंगोने जूनमध्ये गटात ३-१ हरवलं होतं, आणि चेल्सीने फायनलला पीएसजीला ३-०. पीएसजी त्या स्पर्धेत रिओच्याच बोताफोगोकडूनही ०-१ हरली होती. त्यामुळे ब्राझीलवाल्यांना हा डोंगर चढता येणार नाही असं अजिबात नव्हतं.

पण पीएसजी म्हणजे पीएसजी. ३१ मे २०२५ला म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० हरवून त्यांनी पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. फ्रेंच लीग, फ्रेंच कप, फ्रान्सचा आणि युरोपचा सुपर कप हेही त्याच वर्षी. बुधवारी जिंकले तर तो वर्षातला सहावा चषक ठरणार होता, जो पराक्रम तोवर बार्सेलोना आणि बायर्न यांनीच केला होता. बालोन दोर विजेता डेम्बेले त्यांच्याकडे, कॅप्टन मार्किन्योस ब्राझीलचा, आणि व्हितिन्या, नुनो मेंडिस, जुआंव नेव्हेस ही पोर्तुगीज तिकडी. २०११पासून क्लबची मालकी कतारची, म्हणजे मालकाच्या अंगणातच सामना.

फ्लामेंगोचा तेव्हाचा कोच फिलिपे लुईस चाळीस वर्षांचा होता. २०१९ला दोहात हरलेल्या टीमचा तो लेफ्ट बॅक होता. २०२३च्या शेवटी खेळणं थांबवलं आणि वर्षाच्या आत सीनियर टीमची सूत्रं हातात आली. १९८१च्या टीमचा कोच कार्पेजियानीही असाच, त्याच वर्षी बूट काढून ठेवलेला फ्लामेंगोचा खेळाडू होता.