मिशन, वसतिगृह आणि संरक्षणाचा लेखी नियम : जालन्याच्या संदर्भात

जालना जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील स्थानिक भाविकांचा समुदाय, औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत 1977 साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला, तर जालना जिल्हा 1981 साली अस्तित्वात आला. मिशनकार्याची मुळे मात्र निजामी काळातली आहेत. जालन्यालगत स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही प्रोटेस्टंट वस्ती वसवली, आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी 1890 च्या दशकात घोगरगावच्या परिसरात काम उभे केले.

दुष्काळ आणि जातीय बहिष्कार सोसणाऱ्या दलित कुटुंबांना मिशनची शाळा व वसतिगृह हा मोठाच आधार होता, आणि त्या आधाराचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. परंतु ज्याच्याकडून अन्न, अक्षर आणि साहेबाकडे रदबदली मिळते, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे आईबापांना जवळपास अशक्य असते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाची सुरक्षितता अशा वेळी सांभाळणाऱ्याच्या चांगुलपणावर सोपवली जाते. हे परावलंबन कोणा एका व्यक्तीचा दोष नव्हते, व्यवस्थेचाच भाग होते, म्हणून त्यावरचा उपायही व्यवस्थेतच शोधावा लागला.

तो बऱ्याच उशिरा आला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, पॉक्सो या नावाने ओळखला जाणारा कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस त्याने बालक मानले. कलम 19 नुसार अपराधाची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक झाले. येथे एक कठीण पेच उभा राहतो: पापनिवेदनात, म्हणजे भाविक धर्मगुरूपुढे आपली पापे सांगतो त्या संस्कारात, ऐकलेले गुपित फोडण्यास चर्चचा कायदा पूर्ण मनाई करतो, तर पॉक्सो धर्मगुरूंसाठी वेगळा अपवाद नोंदवत नाही. मात्र ही गोपनीयता त्या संस्कारापुरतीच आहे. धर्मग्रामाच्या कार्यालयात, शाळेत वा वसतिगृहात कळलेल्या गोष्टीला तिचे कवच लाभत नाही, आणि हा फरक भाविकांना सांगितला जाणे अत्यंत निकडीचे आहे.

चर्चच्या बाजूने पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये काढलेल्या आदेशाने प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार स्वीकारण्याची सहज उपलब्ध व्यवस्था अनिवार्य केली. त्यातील असुरक्षित व्यक्तीच्या व्याख्येत आजारपण, शारीरिक वा मानसिक दुर्बलता किंवा स्वातंत्र्य हिरावले जाणे यांमुळे, क्वचित प्रसंगी का होईना, प्रतिकार करण्याची क्षमता मर्यादित झालेली प्रौढ व्यक्तीही येते. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेचा प्रश्नही धर्मग्रामाच्या उत्तरदायित्वात आला. डिसेंबर 2019 मध्ये अशा प्रकरणांच्या चौकशीवरील पोपपीठाची विशेष गुप्तता रद्द झाली, आणि तक्रारदारावर मौनाची सक्ती करता येणार नाही, असेही त्या वर्षीच स्पष्ट करण्यात आले.