दिवाणखान्यात परतलेला संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची एका वर्षाची मुदतवाढ ठेवण्यात आली. परंतु पुढचा मार्ग सर्वांसाठी खुला नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे कालबाह्य ठरले. त्यांत बिघाड झाला नव्हता. कळफलक चालत होता, पडदा उजळत होता, पंखा फिरत होता. बदलले होते ते यंत्राभोवतीचे जग.

अशा यंत्रांपैकी काही भंगारात जातात, काही माळ्यावर धूळ खातात आणि काही दिवाणखान्यातील टीव्हीला जोडली जातात. एक तार, एक हलकी लिनक्स प्रणाली, एक वायरलेस कळफलक आणि घरातील इंटरनेट एवढ्यावर जुना संगणक चित्रपट, व्याख्याने आणि बातम्या दाखवू लागतो. हा उद्योग आजच्या काटकसरीतून सुचलेला वाटतो. प्रत्यक्षात भारतातील घरगुती संगणकाच्या इतिहासाचा आरंभच टीव्हीपासून झालेला आहे.

ब्रिटनमध्ये १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त संगणक बाजारात आणला. त्याच वर्षी दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी अवतरली. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात आणि उत्पादन यांवरील बंधने सैल केली आणि १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकायला काढली. या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. ४८ किलोबाइट स्मृती, झेड८० प्रोसेसर आणि मागच्या बाजूला एक खाच, इतकाच त्याचा संसार. त्या खाचेतून निघालेली तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची, टीव्हीचे बटण फिरवून योग्य वाहिनी जुळवायची आणि कॅसेट रेकॉर्डरवरून प्रोग्राम भरून घ्यायचा. टीव्हीच्या दृष्टीने संगणक म्हणजे आणखी एक प्रक्षेपण केंद्र होते; फरक एवढाच की हे केंद्र घरातल्या घरातच उभे होते.

शाळांतही याच सुमारास ‘क्लास’ प्रकल्पाखाली बीबीसी मायक्रो संगणक पोचू लागले. त्या काळच्या शैक्षणिक धोरणाची अपेक्षा स्पष्ट होती : मुलाने यंत्र पाहावे एवढेच नव्हे, तर त्याला आज्ञा द्यावी. बेसिक भाषेतील दोन ओळी टंकल्या की टीव्हीच्या काचेवर आपलेच नाव उमटते, हा अनुभव त्या पिढीला नवा होता. तोवर टीव्ही फक्त बोलत असे. आता तो ऐकूही लागला होता.

पुढे ही जोडी फुटली. आयबीएमशी सुसंगत संगणक स्वतःचा मॉनिटर घेऊन आले. भारतातील पाल पद्धतीच्या टीव्हीवर चित्राच्या ५७६ ओळीच प्रत्यक्ष दिसत, त्याही एकाआड एक रेखल्या जात. बारीक अक्षरे त्यावर थरथरत. संगणक अभ्यासाच्या टेबलावर गेला. टीव्ही दिवाणखान्यात राहिला आणि १९९० नंतर केबल वाहिन्यांनी त्याला गुंतवून ठेवले. सुमारे वीस वर्षे दोन्ही पडदे एकाच घरात परक्यासारखे नांदले. सपाट पडदे आणि एचडीएमआय जोडणी आल्यावरच दोघांची तार पुन्हा सहज जुळू लागली.

दरम्यान स्वस्त संगणकाचे स्वप्न भारतात वेगळ्या वाटेने चालले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी एन्कोर या कंपनीतील अभियंत्यांच्या साथीने २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’ सादर केला. ९,००० रुपयांच्या आसपास किंमत, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवण्याची सोय आणि एकच यंत्र अनेकांनी स्मार्ट कार्डाच्या आधारे वापरण्याची कल्पना, ही त्याची वैशिष्ट्ये होती. बाजारात यायला २००४ साल उजाडले आणि विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिबल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे ५० डॉलरना पडणार होता; मात्र ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती घेऊन तो जन्मतःच थकलेला होता. तमिळनाडूने २०११ पासून आणि उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना लाखोंच्या संख्येने लॅपटॉप वाटले.

या सर्व उपक्रमांत यंत्र किती स्वस्तात देता येईल याचा हिशेब बारकाईने झाला. ते किती वर्षे उपयोगी राहील, हा प्रश्न मात्र क्वचितच तितक्या गांभीर्याने विचारला गेला. स्वस्त संगणकाला प्रोसेसर आणि स्मृती आधीच बेताची मिळालेली असते. जगाने एक पाऊल पुढे टाकले की सर्वांत आधी तोच मागे पडतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नेटबुक. २००७ च्या अखेरीस आलेल्या आसुसच्या ई-पीसीने सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि ४ गिगाबाइट साठा एवढ्यावर स्वस्त लॅपटॉपची नवी जात निर्माण केली. पाठोपाठ इंटेलचा १.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅटम प्रोसेसर आला. ही यंत्रे पत्रे लिहीत, संकेतस्थळे उघडत. परंतु पूर्ण एचडी चित्रफीत लावली की चित्र अडखळे. याउलट २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरना विक्रीस आलेली रास्पबेरी पाय ही पत्त्याच्या कॅटएवढी पाटी केवळ ७०० मेगाहर्ट्झवर चालत असूनही तीच चित्रफीत सुरळीत दाखवी.

या विरोधाभासाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवरून येणारे चित्र आकसून, सांकेतिक रूपात येते. ते उलगडण्याचे दोन मार्ग असतात. एक, मुख्य प्रोसेसरने प्रत्येक चौकटीचे गणित स्वतः सोडवायचे. दोन, त्याच कामासाठी चिपमध्ये कोरलेल्या खास मंडलाकडे ते सोपवायचे. रास्पबेरी पायच्या चिपमध्ये एच.२६४ या संकेतपद्धतीसाठी असे मंडल होते. सुरुवातीच्या अ‍ॅटम यंत्रांत ते नव्हते. म्हणून काही हौशी लोकांनी नेटबुकच्या आतील छोट्या खाचेत ब्रॉडकॉमचे क्रिस्टल एचडी नावाचे स्वतंत्र कार्ड बसवून ही उणीव भरून काढली. रास्पबेरी पायची कथाही निव्वळ अभियांत्रिकीची नव्हती. तिची चिप एमपीईजी-२ ही जुनी पद्धतही उलगडू शके, पण परवाना शुल्काचा प्रश्न असल्याने ती क्षमता कुलूपबंद होती. ऑगस्ट २०१२ पासून २.४० पौंड भरून तिची किल्ली विकत घेता येऊ लागली.

सॉफ्टवेअरचा वारसाही पुनर्वापरातूनच आला. २००२ च्या सुमारास काही स्वयंसेवी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रपट आणि संगीत चालवणारा प्रोग्राम लिहिला. ६४ मेगाबाइट स्मृतीच्या त्या यंत्रावर वाढलेला एक्सबीएमसी पुढे साध्या संगणकांवर आला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ झाले. आज जुन्या लॅपटॉपला टीव्हीचे रूप देणाऱ्या अनेक मोफत प्रणालींच्या गाभ्याशी तोच आहे.

तरीही जुन्या यंत्रापुढे दोन भिंती उभ्या राहतात. पहिली संकेतपद्धतींची. एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९, तर २०१८ मध्ये एव्ही१ आली. नवी पद्धत तेवढेच चित्र कमी डेटात पोचवते. मोबाइल डेटावर जगणाऱ्या देशाला ते हिताचेच आहे. परंतु चिपमधील मंडल नंतर बदलता येत नाही. प्रसारकाची बचत होते तेव्हा जुन्या संगणकावरचा भार वाढतो. दुसरी भिंत प्रताधिकार-संरक्षणाची. सशुल्क सेवा उच्च प्रतीचे चित्र बहुधा त्याच उपकरणांना देतात, ज्यांच्या हार्डवेअरमध्ये मान्यताप्राप्त सुरक्षित कप्पा असतो. ताकद असूनही संगणकाच्या ब्राउझरला अनेकदा दुय्यम प्रतीवर समाधान मानावे लागते. म्हणजे यंत्राचे आयुष्य त्याच्या झिजेवर कमी आणि इतरांनी केलेल्या करारांवर अधिक ठरते.

पुनर्वापराचे समर्थन डोळे झाकूनही करता येत नाही. जुना डेस्कटॉप ८० वॅट घेत असेल आणि रोज ५ तास चालत असेल, तर महिन्याला १२ युनिट वीज लागते. टीव्हीमागे खोचलेल्या छोट्या स्टिकला त्याच कामासाठी १ युनिटही पुरते. येथे जुन्याचा मोह महाग पडतो. लॅपटॉप आणि नेटबुकचे गणित मात्र वेगळे आहे. त्यांची वीज मुळातच कमी आणि त्यांच्या एकूण कार्बनभाराचा मोठा वाटा कारखान्यातच खर्च झालेला असतो. तो परत मिळवता येत नाही. अधिक वर्षांवर पसरवता तेवढा येतो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्यावर फोडली जाणारी यंत्रे आणि मुरादाबादेत सर्किट पाट्या जाळून धातू काढणारे हात पाहिले, की एका यंत्राची भंगारात जाण्याची तारीख चार वर्षे लांबणीवर पडणे म्हणजे काय, ते कळते. २०११, २०१६ आणि २०२२ अशा तीन टप्प्यांतील ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली; २०२२ मध्येच ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सॉफ्टवेअर किती वर्षे पुरवावे, हा प्रश्न याच चर्चेचा पुढचा अध्याय आहे.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष ‘साइट’ प्रयोगाद्वारे एटीएस-६ उपग्रहावरून ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोचवले गेले. तो पडदा ज्ञान देत होता, पण प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. आज आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेची व्याख्याने एनपीटेलच्या रूपाने कोणत्याही टीव्हीवर पाहता येतात. स्टिक ती दाखवते आणि थांबते. टीव्हीमागचा जुना लॅपटॉप मात्र व्याख्यान थांबवून त्याच पडद्यावर उदाहरण सोडवू देतो, प्रोग्राम लिहू देतो, अर्ज भरू देतो. ज्या घरात अभ्यासासाठी हाताशी फक्त एक मोबाइल असतो, तेथे हा फरक लहान नाही.

१९८८ मधील मुलाने टीव्हीच्या अँटेनाची तार काढून त्या जागी संगणक लावला, तेव्हा त्याला पाहण्यापेक्षा अधिक काही करायचे होते. त्याच जागी आज परतलेला जुना संगणक फक्त मालिका दाखवण्यापुरता उरला, तर त्याचा पुनर्जन्म अर्धाच म्हणावा लागेल. कळफलक टीव्हीपाशी ठेवलेला असेल, तर उरलेला अर्धा पूर्ण होण्याची शक्यता शिल्लक राहते.

#विज्ञानवार्ता #संगणकाचा_इतिहास #ईकचरा