एका रोजीत किती माणसं?

दिवाळीच्या सुमाराला भातकुली तालुक्यातल्या वावरांच्या धुऱ्यावर संध्याकाळी काटा लागतो. कमरेच्या ओटीत दिवसभर गोळा केलेला कापूस फडक्यात बांधलेला असतो. गठुडं आकड्याला अडकवलं की काटा थरथरून स्थिर होईपर्यंत बाया तिकडेच बघत उभ्या राहतात. मग वहीत नावापुढे किलो पडतात. पीक भरात असलं तर चलाख हाताची बाई दिवसाला चाळीसेक किलो वेचते. अलीकडच्या हंगामांत वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास राहिला, म्हणजे रोजी झाली चारशे रुपये. पुढे बोंडं विरळ होतात. हात तोच, ऊन तेच, पण गठुडं पंधरा किलोचं भरतं. दर थोडा वाढवून मिळतो, पण घटलेलं वजन त्यातून भरून निघत नाही.

या चारशे रुपयांत घरातली किती माणसं जगतात? आणि किती जगावीत अशी अपेक्षा आहे? गेल्या दीडशे वर्षांत हा हिशेब दुष्काळी अधिकाऱ्यांनी मांडला, अर्थशास्त्रज्ञांनी मांडला, कामगार परिषदांनी आणि न्यायालयांनीही मांडला. प्रत्येकाने हिशेबाला एक घर धरलं. ते घर भातकुलीतलं मात्र क्वचितच होतं.

भातकुली हे जुनं गाव. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेलं भोजकट ते हेच, अशी इथली श्रद्धा आहे, आणि आदिनाथाच्या देवस्थानामुळे जैन यात्रेकरूंची इथे कायम वर्दळ असते. कष्टकऱ्याच्या दृष्टीने मात्र तालुक्याची खरी ओळख खारपाण पट्टा ही आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात काळी जमीन खोल आणि कसदार आहे, पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदून ओलीत करायची सोय नाही. पावसावर कपाशी, तूर, मूग, ज्वारी आणि ओल टिकली तर हरभरा, एवढंच वर्ष. त्यामुळे मजुराच्या हाताला काम असतं ते निंदणाच्या, डवरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत. उरलेल्या महिन्यांतही चूल रोज पेटवावी लागते आणि गोडं पाणी कुठून तरी आणावं लागतं. कधी डोक्यावरून, तर आता पैसे मोजून कॅनमधून. हा पाण्याचा खर्च निर्वाहाच्या कोणत्याही जुन्या सूत्रात नाही.

जुन्या वऱ्हाडात या रिकाम्या महिन्यांवरचा एक उपाय म्हणजे सालदारी. पाडव्याला साल ठरायचं. थोडी रोकड, वर्षभराची ज्वारी, अंगावर कापड, पायात जोडा. मालकाघरी बारमाही राबायचं आणि पुढच्या पाडव्याला हिशेब करायचा. यात मोठी सुरक्षितता होती, कारण ज्वारी महाग झाली तरी कणगीतली पायली तेवढीच राहायची. पण आधी घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच दारात जायचं. शिवाय ठरायचा एक गडी आणि राबायचं सगळं घर. बायको शेणपाणी बघायची, पोरगं गुरांमागे जायचं, आणि या कामाची वेगळी नोंद कुठेच नव्हती. गावकीच्या कामात तर हे पिळवणुकीला पोचलं होतं. महार वतनात सुधारणा व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरच्यांना कामावर बोलावलं जातं, यावर त्यांनी तेव्हा नेमकं बोट ठेवलं. बलुतं एकाच्या नावाचं आणि वेठ मात्र घरादाराला.

रोकड मजुरी वऱ्हाडात फोफावली ती कापसाच्या पाठीवर बसून. 1853 च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. 1860 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे अमरावती-खामगावकडे लागले. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, हंगामाला बाहेरून माणसं येऊ लागली. हातात नाणी खुळखुळू लागली, हे खरंच. पण ज्या काळ्या जमिनीत घरची ज्वारी पिकायची तिथे कपाशी पसरत गेली आणि मजुराची भाकर बाजारभावाला बांधली गेली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच कापूस आणि दुष्काळ शेजारी-शेजारी ठेवले आहेत. ती जोडी अचूक आहे.

1896-97 आणि पुन्हा 1899-1900. दुसऱ्या दुष्काळाने वऱ्हाडाला फार वाईट तडाखा दिला. खडी फोडायच्या आणि रस्त्याच्या कामांवर माणसं लोटली. दुष्काळी मदतीचे नियम सांगणाऱ्या सरकारी दुष्काळ संहितेत मजुरी पैशात ठरलेली नव्हती. माणसाला जगायला किती धान्य लागतं ते ठरवायचं आणि त्या धान्याच्या चालू भावाएवढे पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. पुरुष, बाई, राबणारं पोर यांचे दर वेगवेगळे. काम न करू शकणाऱ्या आश्रितांनाही काहीतरी द्यायची तरतूद होती. माप अतिशय कंजूष होतं आणि उद्देश माणूस मरू नये एवढाच. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. या निर्दय संहितेने तोंडं मोजली होती. पुढे आलेल्या सुसंस्कृत सूत्रांत ती मोजणी हरवली.

दुसरं माप आलं तुरुंगातून. दादाभाई नौरोजींनी 1876 साली हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे 20 रुपये काढलं आणि ते कैद्याच्या खाण्याकपड्यावर होणाऱ्या सरकारी खर्चाशेजारी ठेवलं. कैद्यावरचा खर्च जास्त निघाला. जवळजवळ अर्धशतकाने, 1923 साली, मुंबईच्या कामगार कचेरीने गिरणगावातल्या कुटुंबांच्या खर्चाचा अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष तोच. गिरणी कामगाराच्या घरात दुष्काळ संहितेने मान्य केलेल्या कमाल मापाएवढं धान्य शिजत होतं, पण मुंबईच्या तुरुंगात मिळतं त्याहून कमी. राबून खाणाऱ्याचं ताट कैद्याच्या ताटाशी ताडून बघावं लागावं, हे आज वाचतानाही घशात अडकतं.

स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले. 1948 साली किमान वेतन कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद 43 ने शेतमजुरालाही निर्वाह वेतन मिळावं असं राज्याचं ध्येय ठरवलं. मग 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्र बांधलं. एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके. पुरुषाचं एक, बायकोचं 0.8, दोन मुलांची प्रत्येकी 0.6. पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने प्रौढाला 2,700 कॅलरी, चौघांच्या घराला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. 1991 साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्क्यांची भर घातली.

1957 च्या ठरावातलं एक वाक्य वऱ्हाडातून वाचताना वेगळं ऐकू येतं. कुटुंबाचं वेतन मोजताना बायका-मुलांची कमाई धरू नये, असं ते वाक्य. हेतू उदात्त होता. एकाच्या कमाईत घर चालावं, पोरांनी शाळेत जावं. पण भातकुलीत कपाशी बायांच्या हातांनी घरी येते. बोंडं फुटली की पहिल्या वेच्याला सीतादही करतात, फुटलेल्या झाडाला दही-भात वाहतात, तेही बायाच. त्यांची कमाई हिशेबाबाहेर ठेवताना त्या ‘जोड’ कमावणाऱ्या ठरल्या, आणि बाजाराने तो शब्द उचलून धरला. समान वेतनाचा कायदा 1976 साली आला. वावरातली बाईची रोजी आजही पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास घोटाळते. घरातला पुरुषच गेला असेल, तर चौघांच्या सूत्रातलं पहिलंच एकक गायब. उरते 0.8 म्हणून मोजलेली बाई, आणि तिच्या हातात ‘जोड’ कमाईची रोजी.

बाई-पुरुषाच्या रोजीतला हा भेद मोडला सरकारी कामावर. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्राने उभी केली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. माती किती उपसली यावर दाम होता, बाई-पुरुष पाहून नव्हता. कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या, यात नवल नाही. 2005 चा केंद्रीय कायदा याच वाटेने निघाला.

मग किमान वेतनाचं माप ठरवायला केंद्राने नेमलेल्या सत्पथी समितीने 2019 साली तीनऐवजी 3.6 उपभोग एकके धरली. घर तीन एककांहून मोठं असतं हे शेवटी कागदावर आलं. जुलै 2018 च्या भावाने समितीचा आकडा निघाला दिवसाला 375 रुपये, महिन्याला 9,750. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता आणि 2025-26 मध्ये 312. सहा-सात वर्षांची महागाई बाजूला ठेवली तरी फरक डोळ्यांवर येतो.

आणि 375 रुपये तरी सर्वांना सारखे पुरतात का? एक घर सालगड्याचं समजा. त्याचं साल आता लाख-सव्वा लाखाच्या घरात ठरतं, म्हणजे समितीच्या वर्षाच्या 1,17,000 च्या जवळपास. दिवसाच्या कामाला मात्र सुट्टी नाही. दुसरं घर दोन एकर खारपाणातल्या जमिनीचं. कागदावर घरचा कर्ता मालक, त्यामुळे मजुरांच्या यादीत नसतो. पण बियाणं-खताची उसनवारी फेडून उरलेला कापसाचा पैसा वर्षाच्या दिवसांनी भागला तर पुष्कळदा शेजारच्या मजुराची रोजी बरी निघते. तिसरं घर एकट्या बाईचं. दोन पोरं, एक सासू. सूत्राने मोजली तर तिला आणि दोन पोरांना दोन एकके, सासूचं वेगळं.

या तिसऱ्या घराला वेचणीचे साठ दिवस मिळाले आणि सरासरी तीनशे रुपये पडले असं धरू. अठरा हजार होतात. निंदणाचे आणि हरभरा सोंगणीचे दिवस मिळून आणखी थोडे. सासूच्या गोळ्या, पोरीचं अमरावतीच्या कॉलेजात जाण्याचं एसटीचं भाडं आणि पाण्याचे कॅन हे बाराही महिने लागतात. फेब्रुवारीत कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात, चुलीसाठी तेवढं सरपण ती घरी आणते. धुऱ्यावरचा काटा उतरवून मालकाच्या कोठ्यात टांगला जातो. पुन्हा कापूस काट्यावर चढायला आठ महिने असतात.