पुरानंतरची तहान

१२ जुलै १९६१. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही सकाळी पानशेत फुटले. दुपारी खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. नंतरच्या दिवसांचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. घराघरांत चिखल, आणि तो धुवायला नळाला थेंब नाही! शहराला पाणी पाजणारे खडकवासलाच रिकामे झाले होते. मग पुणेकरांना वाड्यांतले आड आठवले, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याचे हौद आठवले. नळ आल्यावर यांतल्या कितींकडे आपण पाठ फिरवली होती! पुढे अनेक पूरग्रस्त गोखलेनगर, सहकारनगरकडे राहायला गेले. तिथे घरे मिळाली. चौकातला आड मात्र मागे, पडक्या वाड्यातच राहिला.