अमीन सयानी आणि त्यांचे श्रोते

रंगभूमीवरील नटास प्रेक्षकांची दाद तत्क्षणी मिळते. टाळी पडली की त्यास कळते, आणि न पडली तरीही कळते. नभोवाणीवर बोलणाऱ्या मनुष्याच्या नशिबी हे सुख नाही. बंद खोलीत ध्वनिग्राहकासमोर बसून तो ज्यांच्याशी बोलतो त्यांची मुखे त्यास दिसत नाहीत, आणि त्याचे मुख त्यांस दिसत नाही. असे असताही अशा एका मनुष्याचा व त्याच्या श्रोत्यांचा स्नेह चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. तो कशाच्या बळावर टिकला, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. मी म्हणतो ते गृहस्थ म्हणजे मुंबईचे अमीन सयानी.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. घरची भाषा गुजराती. मातोश्री कुलसुम सयानी ह्यांनी प्रौढांना साक्षर करण्याच्या कार्यास वाहून घेतले होते. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. ते नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, आणि त्याची भाषा गांधीजींना प्रिय असलेली सोपी हिंदुस्थानी असे. ह्या पत्राच्या कामात बाळ अमीन हातभार लावी. नुकतेच वाचावयास शिकलेल्या मनुष्याशी कसे बोलावे, त्यास न समजणारा शब्द कसा टाळावा, हे शिक्षण त्यांना शाळेत नव्हे, घरातच मिळाले.

वडीलबंधू हमीद सयानी ह्यांच्यामुळे त्यांचा नभोवाणीत प्रवेश झाला, परंतु तो इंग्रजी कार्यक्रमांत. पुढे आकाशवाणीच्या हिंदी विभागात त्यांनी परीक्षा दिली, तेव्हा नकार मिळाला. वाचन चांगले आहे, पण उच्चारांवर गुजरातीची आणि इंग्रजीची छाया आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ही हकीकत ते स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगत असत.

आता १९५२ सालाकडे वळू. त्या वर्षाच्या आरंभी स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली, आणि लक्षावधी सामान्य जनांनी आयुष्यात प्रथमच आपले मत पेटीत टाकले. त्याच वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीताविषयी त्यांना कळकळ होती, ह्यात संशय नाही. तथापि चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत असल्याने, आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ नाहीशी झाली. लोकांस काय आवडते, हे मात्र लोकांस कोणी विचारले नाही. परिणामी श्रोत्यांनी आपल्या यंत्राचा काटा फिरविला आणि तो समुद्रापलीकडे, रेडिओ सिलोनवर जाऊन थांबला.

तेथे ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात. लेखन, निवेदन आणि आलेल्या पत्रांची छाननी, एवढ्या सर्व कामास आठवड्याचे २५ रुपये मिळावयाचे होते. अनुभवी मंडळी त्यास तयार होईनात, म्हणून ते काम विशीतील अमीन सयानींकडे आले. अशा रीतीने नापसंत ठरलेली गीते आणि नापसंत ठरलेला आवाज ह्यांची गाठ पडली.

आरंभी सात गीते क्रम मोडून ऐकवीत आणि त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी लिहून कळवावयाचा असे. बक्षीस १०० रुपयांचे, तेही विजेत्यांत वाटून. पहिल्याच कार्यक्रमास सुमारे ९,००० पत्रे आली. वर्षभरात हा ओघ आठवड्यास ६५,००० पत्रांपर्यंत गेला. इतकी पत्रे तपासणे कोणास शक्य व्हावे? म्हणून १९५४ मध्ये स्पर्धेचे स्वरूप टाकून, लोकप्रियतेच्या क्रमाने गीते ऐकविण्याची पद्धत सुरू झाली.

येथे खरी कसोटी लागली. क्रम ठरविणे म्हणजे कोणाच्या तरी धंद्यास हातभार लावणे. केवळ तबकड्यांच्या विक्रीवर विसंबावे, तर हितसंबंधी माणसे विक्रीचे आकडे फुगवू शकत. ह्यावर उपाय म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतेही विचारात घेण्यात येऊ लागली. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तलैया हे गाव तर तेथील श्रोत्यांच्या पत्रांमुळेच देशभर ठाऊक झाले. ज्या श्रोत्यास कोणी विचारले नव्हते, त्यास येथे दर आठवड्यास विचारले जात होते. माझ्या मते त्या स्नेहाचे मूळ ह्यात आहे. केवळ कंठमाधुर्यात नाही.

संबोधनही ह्याच वृत्तीचे होते. ते ‘बहनों और भाइयों’ अशी हाक देत, आणि तीत भगिनींना अग्रमान असे. गीताच्या क्रमास ते ‘पायदान’ म्हणजे पायरी म्हणत. वर्षातील सर्वश्रेष्ठ गीत ते ‘सरताज’. शिकलेल्यास हलके वाटू नये आणि न शिकलेल्यास जड वाटू नये, असे हे शब्द होते. ‘रहबर’ची शिकवण येथे फळास आली.

आपल्या मराठीतही हा अनुभव आहे. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ ह्या श्रुतिकेत नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी ह्यांच्या आवाजांनी एक संपूर्ण घर उभे केले. नीलम प्रभू ह्यांना कधीही न पाहिलेल्या गृहिणीही मीनावहिनींविषयी शेजारणीविषयी बोलावे तसे बोलत. तेथे स्नेह पात्राशी जडला होता. अमीन सयानींना पात्राचा पडदा नव्हता. त्यांना स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच आवाजात विश्वास मिळवावा लागला.

आज जेथे नवी मुंबई वसली आहे, तेथे तेव्हा खाडीकाठची गावे, भातशेते आणि मिठागरे होती. शहराची उभारणी १९७० नंतरची. येथे राहावयास आलेली अनेक कुटुंबे मुंबईच्या चाळींतून आली. बुधवारी रात्री आठ वाजता एका संचाभोवती सारा मजला जमलेला मी माझ्या बाळपणी पाहिला आहे. कोणते गीत वर जाईल ह्यावर वडीलधाऱ्यांचे वाद होत, आणि त्या वादात आम्हां मुलांनाही मत असे. घरात अन्य कोणत्याही विषयात ते नव्हते!

ही मालिका १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २००९ मध्ये सयानींना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना एकदाही पाहिले नव्हते अशा असंख्य घरांत आप्त गेल्याची भावना झाली.

श्रोतेहो, इतिहासात बोलणाऱ्याची नोंद सहज राहते, ऐकणाऱ्याची क्वचित. ध्वनिफिती जपल्या जातात, पत्रे रद्दीत जातात. आपल्या घरी कोणी वडील मनुष्य असे पत्र लिहिणारा असेल, तर काय लिहिले होते, हे आजच त्यास विचारून टिपून ठेवावे. अर्धा इतिहास त्याच्यापाशी आहे.