प्रवाळाच्या रंगाचा हिशेब

जुलै १९२८ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांची एक ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर उतरली. ग्रेट बॅरिअर रीफचा अभ्यास करत तिने तिथे वर्षभर मुक्काम केला. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या ऊतींतलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं. प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवालाचाच असतो, आणि त्याचं बरंचसं अन्नही तेच तयार करतं. रंग उतरू लागला की उपासमार सुरू झाली असं समजायचं.

पण दोन हजारांहून अधिक किलोमीटर पसरलेल्या रीफचा रंग तपासायचा कोणी? पाणबुडे दिवसाकाठी थोडाच भाग पाहू शकतात.

२३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट-१ अवकाशात गेला आणि वरून पाहण्याची सोय झाली. मात्र त्याची नजर अधू होती. चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ८० मीटरांएवढा, आणि मोजायचे पट्टे चारच: हिरवा, लाल आणि दोन अवरक्त. अवरक्त प्रकाश पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो, लालही फार खोल जात नाही. पाण्यात सर्वांत खोल शिरणारा निळा पट्टा या उपग्रहावर नव्हताच. तो १९८२ च्या लँडसॅट-४ वर आला.

मधल्या काळात दुसरी अडचण हाताळली गेली होती. उथळ पाण्यातला काळपट तळ आणि खोल पाण्यातली पांढरी वाळू वरून सारखीच भासू शकतात. डेव्हिड लायझेंगा यांनी १९७८ मध्ये दोन रंगपट्ट्यांची तुलना करून खोलीचा परिणाम वजा करण्याची रीत मांडली. प्रवाळांच्या नकाशांसाठी ती आजही वापरली जाते.

१९९८ साली एल निनोच्या तापलेल्या पाण्याने जगभरातली प्रवाळं पांढरी पडली. लक्षद्वीप आणि मालदीवलाही मोठा तडाखा बसला. या पांढऱ्या रंगावर विसंबणं मात्र धोक्याचं आहे. मेलेल्या प्रवाळावर लवकरच दुसरं शेवाळ चढतं, सांगाडा पुन्हा तपकिरी-हिरवा दिसू लागतो आणि वरून पाहणाऱ्याला प्रवाळ सावरल्यासारखं वाटतं.

हा फरक ओळखायला परावर्तित प्रकाशाचा पूर्ण वर्णपट लागतो. त्याच वर्षी हेदर होल्डन आणि एल्सवर्थ लेड्र्यू यांनी निरोगी आणि आजारी प्रवाळांचे वर्णपट ताडून पाहिले. किती प्रकाश परततो एवढंच न बघता आलेखाचा चढउतार कुठे बदलतो, हेही त्यांनी तपासलं. २००३ मध्ये एरिक हॉकबर्ग आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या रीफवर घेतलेले १३,१०० वर्णपट एकत्र मांडले आणि तळाचे बारा प्रकार ओळखले. तपकिरी प्रवाळाच्या आलेखात ५७०, ६०० आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटे दिसतात. शैवाल निघून गेलं की एकूण चकाकी वाढते आणि हे चढउतार पुसट होतात.

हॉकबर्ग यांच्याच नेतृत्वाखाली २०१६-१७ मध्ये नासाच्या ‘कोरल’ मोहिमेचं विमान सुमारे २८,००० फुटांवरून हवाई, पलाऊ, मारियाना आणि ग्रेट बॅरिअर रीफवर फिरलं. २०२१ मध्ये ‘ॲलन कोरल ॲटलास’ने लहान उपग्रहांच्या चित्रांवरून जगातल्या उथळ प्रवाळांचा नकाशा पूर्ण केला.

या नकाशातला ‘उथळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या या बुडालेल्या पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. तिथल्या प्रवाळावरून परतणाऱ्या किरणाला पाण्यातून येऊनजाऊन ४० मीटर कापावे लागतात. त्यात लाल भाग जवळपास संपतो, आणि ६५० नॅनोमीटरचा उंचवटाही त्याच भागात येतो. उपग्रहाला तो दिसत नाही. आंग्रियाच्या प्रवाळाची तब्येत पाहायला पाणबुड्यांनाच उतरावं लागतं.